हसा, पण कुणाला?

हल्ली आमच्या घरी रात्रीची जेवणं आटोपली, की मोबाइलवर पैशांची शाळा भरते. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. नवरा एसआयपीचा हप्ता भरणार, तेवढ्यात बायको चार पिशव्या घेऊन दारात उभी! नवरा कपाळाला हात लावतो. धडा काय, तर आधी बचत, मग खर्च. मुलं हसतात, हे हसतात. पहिल्या दोन वेळा मीही हसले.

विनोदाला माझा विरोध नाही. बँकेचं माहितीपत्रक वाचून शहाणं झालेलं माणूस मी अजून पाहिलं नाही. क्रेडिट कार्डाचं दरमहा साडेतीन टक्के व्याज म्हणजे सरळ हिशेबानंसुद्धा वर्षाला ४२ टक्के, हे मला अशाच एका व्हिडिओनं शिकवलं. त्यात टाय लावलेला सावकार म्हणतो, ‘‘घाई नाही ताई, थोडेच भरा!’’ हसले आणि हिशेब डोक्यात बसला. तिथं हसू सावकाराचं होतं.

माझं भांडण त्या चार पिशव्यांशी आहे. आमच्या निपाणीकडे भिशी चालवल्या कुणी? तांदळाच्या डब्यात नोटा दडवल्या कुणी? आमच्या सासूबाईंनी परिग्रह-परिमाणाचं व्रत घेतलं होतं. बाराच्या वर तेरावी साडी कपाटात येऊ दिली नाही. आणि उधळी कोण, तर बायको! सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर १०० वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ जण तोट्यात गेले. तेही बायकांच्या पिशव्यांमुळेच का?

थोरल्या जाऊबाईंनी ‘तुला यातलं काय कळतंय’ हा विनोद पंचवीस वर्षं ऐकला. हसून सोडून दिला. दीर गेले तेव्हा ठेवी किती, कुठं, काही ठाऊक नव्हतं. एका ठेवीला तर नॉमिनीच नव्हता. कागदपत्रांसाठी त्यांनी दीड वर्ष खेटे घातले. ज्याला सारखं हसतात, ते माणूस विचारायचं सोडून देतं. त्याची किंमत पुढं अशी मोजावी लागते.

तेव्हा व्हिडिओवाल्यांनो, हसवा, खुशाल हसवा. पण एकदा बायकोला दारातून आत घ्या. पिशव्या खाली ठेवून तिला विचारू द्या, ‘‘अहो, नॉमिनी म्हणून नाव कुणाचं घातलंय?’’ आणि नवऱ्याची त-त-प-प होऊ द्या.

पोट धरून हसेन मी. जाऊबाईंनाही दाखवीन.