रुग्णवाहिका येईपर्यंत

गेल्या महिन्यात नववीच्या वर्गात आम्ही सहज विचारले, "शेतात कुणाला साप चावला तर काय कराल?" भराभर हात वर आले. वर करकचून दोरी बांधायची, ब्लेडने चीर द्यायची, कडुलिंबाचा पाला खायला देऊन कडू लागतो का पाहायचे! ही उत्तरे मुलांनी घरूनच आणली होती आणि सगळी चुकीची होती. "१०८ ला फोन करायचा," असे एकच मुलगी म्हणाली. त्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "आमच्या गावात रेंज कुठंय?"

खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातून येणाऱ्या मुलांच्या पालकांना हे नवे नाही. कर्नाटकात १०८ ची सेवा २००८ पासून आहे आणि तिचे उपकार आम्ही मानतोच. पण भीमगडच्या रानातील काही गावांतून पावसाळ्यात आजाऱ्याला खांद्यावर घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. तेवढ्या वेळात त्याच्याजवळ ना डॉक्टर असतो ना नर्स. असतात ती उचलणारी चार माणसे. आमचे म्हणणे असे की, त्या चौघांना शिकवावे.

सर्पदंशाचेच घ्या. २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. त्यांतली बहुसंख्य खेड्यांतली. विषावर औषध एकच, ते म्हणजे प्रतिविष. त्याची रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून ते दवाखान्यातच द्यावे लागते. तिथवर माणूस जिवंत पोहोचवणे हे गावाचे काम. त्याला चालू द्यायचे नाही, सूज येण्याआधी अंगठी-पैंजण काढायचे, हाड मोडल्यावर बांधतो तशी फळी लावून हातपाय स्थिर ठेवायचा. मण्यार तर रात्री झोपेत चावते, पुष्कळदा दुखतही नाही, आणि पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडतात. अशा वेळी वाटभर तोंडाने श्वास देत राहणारा कुणी सोबत असला तर जीव वाचू शकतो. पण हे भाषण ऐकून येत नाही. पुतळ्यावर पुन्हा पुन्हा करून हात बसावा लागतो आणि सहा महिन्यांनी उजळणीही करावी लागते.

"अर्धवट शिकलेल्यांच्या हाती जीव द्यायचा का?" असे काही पालक विचारतील. प्रश्न रास्त आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ खेड्यांत गावच्याच बायकांना आरोग्यदूत केले. नवजात बाळाचे श्वास मोजणे, त्याला ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे त्यांना शिकवले. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू, असे काम नसलेल्या गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आले. फार शिकलेल्या नव्हत्या त्या. पण काय करायचे आणि कुठे थांबायचे, हे त्यांना पक्के शिकवले होते.

माणसे मात्र नीट निवडावीत. उत्साही तरुण पुढे येतात आणि दिवाळीनंतर कामाला गोव्यात जातात. जी गावातच राहतात ती घ्यावीत: आशाताई, दूध गोळा करणारा, टेम्पोवाला, अंगणवाडीच्या बाई. त्यांची दिवसाची मजुरी बुडते, ती भरून द्यावी. फुकटची सेवा फार दिवस टिकत नाही. आणि शिकवावे ते घरच्या भाषेत, मराठी घरी मराठीतून, कानडी घरी कानडीतून. घाबरलेल्या माणसाला दुसरी भाषा आठवत नाही.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की, रविवारी रिकामे पडणारे सभागृह यासाठी द्यावे आणि सरावाचे दोन पुतळे घ्यावेत. शिकवायला सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांना आपण मिळून भेटू. पहिला वर्ग मे महिन्यात व्हायला हवा, कारण जूनमध्ये पाऊस लागला की या गावांच्या वाटा बंद होतात. पालकांनी आपल्या गावातली दोन-दोन नावे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. नववीच्या मुलांनाही मागे बसू द्यावे, कडुलिंबाच्या पाल्याचा विषय एकदाचा मिटेल.