मेटल टोनसाठी पैसे कशावर घालायचे: पिकअप, अ‍ॅम्प की सॉफ्टवेअर?

२०२२ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा सगळीकडे गॅस आणि गव्हाची चर्चा होती. गिटारवाल्यांना मात्र वेगळीच काळजी लागली. गिटार अ‍ॅम्पमध्ये लागणाऱ्या व्हॅक्यूम ट्यूबचा एक मोठा कारखाना रशियात सारातोव्ह शहरात आहे. सोव्हटेक, तुंग-सोल अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या ट्यूब तिथूनच येतात. मार्चमध्ये निर्यातीवर बंदी आली. पुढे माल परत निघाला, पण भाव चढले ते चढलेच. आज अशा ट्यूब मोठ्या प्रमाणात बनतात त्या मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये.

त्याच सुमारास न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर लोकांच्या हातात आलं. स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांनी सुरू केलेला हा प्रकल्प फुकट आहे. म्हणजे मेटलच्या सामानातली सगळ्यात महागडी वस्तू, अ‍ॅम्प, आता लॅपटॉपवर जवळपास शून्य खर्चात मिळते. मग हातात मोजके पैसे असतील तर ते कशावर घालायचे? मला हा प्रश्न बहुतेक वेळा "कुठला पिकअप घेऊ?" असा विचारला जातो. माझं उत्तर: पिकअप यादीत आहे, पण पहिल्या नंबरवर नाही. का, ते बघू.

अ‍ॅम्प सॉफ्टवेअरमध्ये कसा जातो?

खऱ्या अ‍ॅम्पमधून एक ठरलेला टेस्ट सिग्नल सोडतात आणि बाहेर आलेला आवाज रेकॉर्ड करतात. आत काय गेलं, बाहेर काय आलं, ही जोडी न्यूरल नेटवर्कला शिकवली की ते त्या अ‍ॅम्पसारखं वागायला लागतं. यालाच कॅप्चर म्हणतात. मर्यादा एकच, साधं कॅप्चर म्हणजे नॉबच्या एका सेटिंगचा फोटो. गेन थोडा कमी हवा असेल तर दुसरं कॅप्चर शोधा. आपल्याकडे फ्लॅटमध्ये १०० वॉटचा अ‍ॅम्प कुणी पूर्ण आवाजात लावू देणार नाही, त्यामुळे हेडफोनवर तोच टोन मिळणं ही मोठी सोय आहे.

पिकअप नेमकं काय करतो?

लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वर स्टीलची तार हलली की वेढ्यांमध्ये व्होल्टेज तयार होतं. सिंगल कॉइल पिकअप खोलीतल्या वायरिंगची ५० हर्ट्‌झची घरघरही पकडतो. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावर उपाय शोधला: दोन कॉइल, उलटे वेढे, उलटे चुंबक. घरघर एकमेकांना खाऊन टाकते, तारेचा आवाज मात्र जोडला जातो. हाच हमबकर. मेटलमध्ये गेन इतका असतो की बारीकशी घरघरही राक्षस होते, म्हणून हमबकर जवळपास सक्तीचा.

ईएमजी ८१ सारख्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपमध्ये आतच छोटा प्रीअ‍ॅम्प असतो आणि ९ व्होल्टची बॅटरी लागते. आवाज स्वच्छ, घट्ट आणि कमी गोंगाटाचा. पॅसिव्हमध्ये हाताच्या जोराप्रमाणे फरक जास्त जाणवतो. आणि हो, वर्णनातला "१६ किलोओहम" आकडा बघून भुलू नका. तो तारेचा रोध आहे, आवाजाचं माप नाही.

गंमत म्हणजे ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम आला १९७० मध्ये, आणि टोनी आयोमीच्या गिटारवर तेव्हा पी-९० सिंगल कॉइल होते. पण अ‍ॅम्पच्या आधी ट्रेबल बूस्टर होता. खरा धडा तिथे आहे.

डिस्टॉर्शनच्या आधी आणि नंतर

साखळी दोन भागांत बघा. डिस्टॉर्शनच्या आधी जास्त बेस गेला तर रिफचा चिखल होतो, आणि नंतर इक्वलायझरने तो साफ होत नाही. म्हणून मेटलवाले अ‍ॅम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर लावतात: ड्राइव्ह शून्याजवळ, लेव्हल वर. तो सुमारे ७२० हर्ट्‌झच्या खालचा भाग क्लिपिंगआधीच हलका करतो. प्लगिनमध्ये हाही फुकट मिळतो.

डिस्टॉर्शननंतर येतो स्पीकर. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्‌झच्या वरचं बरंच काही गाळून टाकतो. तो नसेल तर आवाज माश्या घोंघावल्यासारखा येतो. सॉफ्टवेअरमध्ये हे काम आयआर फाइल करते, आणि माझ्या अनुभवात आयआर बदलल्यावर टोन जितका बदलतो तितका पिकअप बदलून बदलत नाही.

मग पैसे कुठे?

१. आधी तारा आणि सेटअप. ड्रॉप सी ट्यूनिंगला ९ च्या तारा लोळतात. १०-५२ किंवा ११-५४ चा संच घ्या आणि इंटोनेशन करून घ्या.

२. मग ऑडिओ इंटरफेस. गिटारसाठीचा इन्स्ट्रुमेंट इनपुट असलाच पाहिजे. साध्या लाइन इनपुटला पॅसिव्ह पिकअप लावला तर ट्रेबल मरतो. जोरदार पिकअप असेल तर इनपुट लाल होऊ देऊ नका, कारण तिथलं क्लिपिंग पुढे कुठेच दुरुस्त होत नाही. ४८ किलोहर्ट्‌झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे जेमतेम २.७ मिलिसेकंद. एकूण उशीर त्याहून जास्त होतो, तरी वाजवताना अडत नाही.

३. बूस्ट आणि आयआर, दोन्ही फुकट. दोन आठवडे यावर घालवा.

४. एवढं करूनही घरघर राहिली, किंवा भरभर पाम म्यूट करताना स्वर एकमेकांत मिसळत असतील, तरच पिकअप बदला. त्याआधी त्याची उंची स्क्रूने कमी-जास्त करून बघा, काम तिथेच होऊ शकतं. परदेशी पिकअपचा संच आपल्याकडे कधीकधी सुरुवातीच्या गिटारच्या किमतीला टेकतो, तेव्हा हा शेवटचा खर्च.

एक गोष्ट इंजिनिअर म्हणून सांगावीशी वाटते. विकत घेतलेलं प्लगिन कंपनीच्या लायसन्सवर चालतं. कॅप्चरची फाइल तुमच्या डिस्कवर असते आणि ती वाचणारा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. सारातोव्हचा कारखाना उद्या बंद पडला तरी आज कॅप्चर केलेला अ‍ॅम्प वाजत राहील. पण त्या फाइलला चांगला सिग्नल देणारी गिटार, तार आणि हात मात्र तुमचेच लागतील.