मजुरीत मिळालेली तंबाखू



ऑस्ट्रेलियात येऊन आपण स्थिरावलो. घरे झाली, मुले शिकली. मात्र या भूमीचे मूळ धनी असलेल्या आदिवासी बांधवांविषयी आपल्याच बैठकींतून जे बोलले जाते, ते ऐकून आम्हांस खेद होतो. ‘हे लोक व्यसनी, यांना कोण सुधारणार?’ गावकुसाबाहेरच्या आपल्या वाडवडिलांविषयीही एके काळी हेच बोलले जात असे. त्याचा आपल्याला विसर पडावा, यासारखे दुर्दैव नाही.

हे व्यसन आले कोठून? रानातील तंबाखूची पाने चघळण्याची चाल काही जमातींत पूर्वापार होती, हे खरे. परंतु गोऱ्या मळेवाल्यांच्या कुरणांवर राबणाऱ्या आदिवासींना आणि मिशनच्या वसाहतींत डांबलेल्या कुटुंबांना पीठ, साखर, चहा यांच्याबरोबर तंबाखूही शिधा म्हणून मिळू लागली. रोख मजुरीच्या जागी तंबाखू! अनेक ठिकाणी ही प्रथा १९६० च्या दशकापर्यंत चालू होती. त्याचे मोल आजही मोजले जात आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, पंचेचाळीस वर्षांवरील आदिवासींच्या सुमारे निम्म्या मृत्यूंना धूम्रपान कारणीभूत आहे.

परंतु हा समाज हताश होऊन बसला नाही. १९७१ साली सिडनीच्या रेडफर्न भागात आदिवासींनी स्वतःच्या हाती कारभार ठेवून पहिले आरोग्य केंद्र उघडले. २०१० पासून आदिवासी नेते टॉम काल्मा यांच्या समन्वयाखाली धूम्रपानविरोधी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिचे बहुतांश कार्य अशा समाजाच्या संस्थाच आपापल्या भागात करतात. क्वीन्सलँडमधील ‘डेडली चॉइसेस’ या उपक्रमात तरुणांनी आरोग्य तपासणी करून घेतली की त्यांना खास जर्सी मिळते. आदिवासींच्या बोलीत ‘डेडली’ म्हणजे झकास! तेथे उपदेशाचा आव नाही. आपली भाषा, आपले खेळाडू आणि आपला अभिमान यांच्या आधारे मुलांना सिगारेटपासून दूर ठेवले जाते. कधीही धूम्रपान न केलेल्या पंधरा ते सतरा वर्षांच्या आदिवासी मुलांचे प्रमाण २०१२-१३ मध्ये ७७ टक्के होते. २०१८-१९ मध्ये ते ८५ टक्क्यांवर गेले. ज्यांना ‘कोण सुधारणार’ म्हणून हिणवले, त्यांनी स्वतःच वाट काढली.

तंबाखूशी आपलेही जुने नाते आहे. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणारे कामठीचे बाबू हरदास यांनी बिडी कामगारांना संघटित केले. तंबाखूच्या धुळीत पोट जाळणाऱ्या त्या माणसांना त्यांनी हक्काची जाणीव दिली. १९३९ साली अवघ्या पस्तिशीत क्षयाने त्यांचा अंत झाला. अभिवादन आपण जपले. ते ज्यांच्यासाठी झिजले त्या श्रमिकांच्या छातीतील खोकला मात्र विसरलो.

आम्ही कोणाकडे बोट दाखवीत नाही. जयंतीच्या सभेत पंचशील ग्रहण करून सभागृहामागे सिगारेट पेटवणारे आपल्यातच आहेत. आजीच्या मिश्रीचा डबा आपल्याच सामानातून येथे आला. आता मुलांच्या दप्तरात ई-सिगारेट सापडते, तेव्हा रागावून किंवा लपवून काय साधणार?

म्हणून आमची दोन नम्र आवाहने आहेत. पहिले, व्यसनमुक्तीचे काम तरुणांच्याच हाती सोपवावे आणि वडीलधाऱ्यांनी सभागृहाचे आवार धूरमुक्त ठेवून आपला वाटा उचलावा. दुसरे, पुढील जयंतीस आपल्या परिसरातील आदिवासी आरोग्य कार्यकर्त्यांना सन्मानाने निमंत्रित करावे आणि आपण श्रोते व्हावे.

स्वतःचा उद्धार स्वतःच करावा लागतो, हे परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. तोच धडा या भूमीचे लेक जगून दाखवीत आहेत. त्यांच्याकडून शिकण्यात आपला मोठेपणाच आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!