घोटीस कां थांबावें?

सायकलीवरून लांबच्या सफरीस निघण्याची हौस आपल्याकडे नवी नाहीं. १९२३ सालीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, व त्यांपैकीं तिघे १९२८ सालीं ती पुरी करून परत आले. अलीकडे मुंबई ते नाशिक ही सुमारें १७० किलोमीटरांची सफर तुकडी करून जाणारे सायकलस्वार आग्रा रस्त्यावर वारंवार दिसतात. वरच्या वर्गांतील मुलामुलींसही असें जावेंसें वाटतें. पालकांस मात्र काळजी वाटते. दोन्ही पक्षांस उपयोगी पडेल असा एकच नियम येथें सुचवावयाचा आहे. तुकडींतील शेवटचा गडी घोटीस पोहोंचल्यावांचून कोणींही घोटी सोडूं नये, हा तो नियम होय.

घोटीच कां, असा प्रश्न साहजिकच निघेल. त्याचें उत्तर त्या वाटेच्या रचनेंत आहे. इगतपुरीच्या अलीकडे थळ घाट, म्हणजे कसाऱ्याचा घाट, चढावा लागतो. १८६५ सालीं या घाटांतून आगगाडी सुरू झाली. तिचा मार्ग सुमारें १५ किलोमीटरांत जवळजवळ ३०० मीटर चढतो, आणि जेथें चढ सर्वांत कठीण आहे तेथें तो ३७ फुटांस १ फूट इतका आहे. सडकही तोच डोंगर चढते. अशा चढणीवर सायकलीचा वेग अगदीं मंदावतो व प्रत्येकाची झुंज स्वतःच्या वजनाशीं चालते. तेथें कोणी कोणाचा भार हलका करूं शकत नाहीं. बळकटांची बरोबरी करूं पाहणाऱ्या अशक्त मुलास धाप मात्र लागते. म्हणून घाटांत ज्यानें त्यानें आपल्या चालीनें चढावें. तुकडी तेथें लांबली, तर त्यांत वावगें कांहीं नाहीं.

घोटीच्या पुढें मात्र परिस्थिति पालटते. वाडीवऱ्हे, विल्होळीवरून पांडवलेण्यांपर्यंतचा मुलूख उघडा व सौम्य चढउतारांचा आहे. अशा सडकेवर वेग घेतला कीं, सायकलस्वाराची बहुतेक शक्ति वारा कापण्यांत खर्च होते. पुढच्याच्या चाकामागें, सावधपणें पण जवळून, चालणाऱ्यास तोच वेग राखण्यास सुमारें एक-चतुर्थांश श्रम कमी पडतात. पुढची जागा पाळीपाळीनें घेतली, तर थकलेला मुलगाही सर्वांबरोबर नाशिकास पोहोंचतो. तोच मागें एकटा राहिला, तर अखेरचे पस्तीस-चाळीस किलोमीटर त्यास मालमोटारींच्या वर्दळींत, वारा अंगावर घेत काटावे लागतात. घाटांत सोबतीचा उपयोग थोडा, पठारावर फार. आणि या दोहोंच्या सीमेवर घोटी आहे. तेथून जे पुढें निघून जातात, ते नेमके मदतीच्या वेळीं सोबत्यास सोडतात.

यावर बळकट मुलें विचारतील, ‘आम्हीं तास-दीड तास कां खोळंबावें?’ हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. थांबल्यानें अंग निवतें, ऊन चढतें, व हिवाळ्यांत दिवस लवकर मावळतो. परंतु मागच्यास सोडून जाणें हा त्यावर उपाय नव्हे. पहांटेस निघावें, एक-दोन कसलेल्या गड्यांनीं मुद्दाम सर्वांच्या मागून यावें. घाट चढणाऱ्या आगगाडीसही कसाऱ्यास जादा इंजिनें मागूनच लावतात. इतकें करूनही शेवटचा गडी दुपार टळून गेल्यावर आला, तर त्या दिवशीं सर्वांनींच घोटीस मुक्काम करावा. नाशिक कोठें पळून जात नाहीं.

शर्यतींतसुद्धां एकमेकांवांचून भागत नाहीं. २०१५ सालीं नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत जोडीनें पुरी केली, ती पाळीपाळीनें सायकल चालवून. एकाची विश्रांति दुसऱ्याच्या श्रमावर अवलंबून होती.

शिवाय घोटीस घालविलेला वेळ फुकट जात नाहीं. ब्रेक व चाकांतील हवा तपासावी, पाणी भरून घ्यावें. घोटी ही भाताची मोठी पेठ आहे. तेथील एखादी गिरणी पाहावी. दक्षिणेकडे १,६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर आहे. भूगोलाच्या पुस्तकांत तें सर्वांनीं वाचलें आहे, येथें तें डोळ्यांनीं पाहावें. याच परिसरांतून जाणारा समृद्धि महामार्ग ५ जून २०२५ रोजीं संपूर्ण खुला झाला. मोटारी त्यावरून भरधाव जातात. सायकलीस तेथें मज्जाव आहे. ज्यास केवळ लवकर पोहोंचावयाचें आहे, त्याच्यासाठीं तो मार्ग आहे. सायकलस्वारानें जुन्या सडकेनें जावयाचें, तें गांवें व माणसें पाहत, आणि सोबत्यांसह.

पालकांस विनंति एवढीच कीं, मुलांस अशा सफरीस जाऊं द्यावें. पण निघण्यापूर्वीं हा नियम तुकडीनें मान्य केला आहे किंवा नाहीं, याची खात्री करून घ्यावी. आणि मुलगा घरीं आल्यावर ‘तूं कितव्या नंबरानें पोहोंचलास?’ असें न विचारतां, ‘सर्वांत शेवटीं कोण आला, व त्याच्याबरोबर कोण होतें?’ असें विचारावें. घरांत हा प्रश्न विचारला जाऊं लागला, म्हणजे घोटीस थांबा असें मुलांस कोणी सांगावें लागणार नाहीं.