विश्लेषण : पवनचक्क्या एकमेकींचा वारा का अडवतात? आवाजावर उपाय काय?

डेन्मार्कजवळच्या समुद्रातील ‘हॉर्न्स रेव्ह’ प्रकल्पात 80 पवनचक्क्या रांगांमध्ये उभ्या आहेत. फेब्रुवारी 2008 मधील छायाचित्रात चक्क्यांमागे धुक्याचे लांब पट्टे दिसले आणि एरवी डोळ्यांना न दिसणारी अडचण जगासमोर आली.

‘वेक’ म्हणजे काय?
पाती वाऱ्यातील ऊर्जा काढून घेतात. मागे उरतो तो मंदावलेला, घुसळलेला वारा, हाच ‘वेक’. मागच्या चक्कीला त्यावरच भागवावे लागते. वाऱ्याचा वेग 10 टक्के घटला, तर त्यातील ऊर्जा सुमारे 27 टक्के घटते.

आवाज कुठून येतो?
मुख्यत: पात्याच्या मागच्या कडेवरून हवा सुटते तिथून. वेग वाढला की तो झपाट्याने वाढतो.

उपाय कोणते?
घुबडाच्या पिसांवरून सुचलेले करवतीसारखे दाते त्या कडेला बसवल्यास आवाज साधारण दोन-तीन डेसिबलने घटतो. वस्तीजवळ रात्री चक्की संथ फिरवली जाते. पण मग वीजही घटते. वेक टाळण्यासाठी पुढच्या चक्कीचे तोंड वाऱ्यापासून किंचित वळवतात. मंद वाऱ्याचा झोत बाजूला सरकतो. पुढची थोडी वीज गमावते, मागच्या त्याहून अधिक कमावू शकतात.

भारताला याचे महत्त्व काय?
केंद्र सरकारने जून 2024 मध्ये गुजरात व तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ प्रत्येकी 500 मेगावॉटच्या समुद्री पवन प्रकल्पांसाठी 7,453 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तेथे चक्क्यांमधील अंतर ठरवताना एकेका चक्कीची नव्हे, तर संपूर्ण प्रकल्पाची वीज मोजावी लागेल.