पाळी अनियमित? आधी तारखा लिहा

आठवी-नववीतल्या मुलींच्या आया शाळेत भेटतात. अभ्यासाचे बोलून झाले की आवाज हळू होतो, "बाई, हिची पाळी दोन महिने आलीच नाही." मुलगी शेजारी मान खाली घालून उभी असते. काळजी खरी, पण घाबरण्याचे कारण बहुधा नसते.

पहिली पाळी आल्यावर मेंदूतील पिट्यूटरी ग्रंथी आणि बीजकोश यांचा मेळ बसायला दोन-तीन वर्षे लागतात. तोवर दर महिन्याला बीज सुटतेच असे नाही. मग पाळी लांबते आणि आली की कधी अंगावरून जास्तही जाते. २८ दिवस ही केवळ सरासरी आहे. या वयात २१ ते ४५ दिवसांचे अंतर चालते. परीक्षेचा ताण, आजारपण, अतिव्यायाम आणि बारीक होण्यासाठी केलेली उपासमार यांनीही ती पुढेमागे होते.

मला खरा आक्षेप आहे तो गोळ्यांवर. आपल्या बडोद्यात गौरी-गणपती आणि पाठोपाठ नवरात्र आले की घरोघरी पाळी पुढे ढकलायची गोळी, तीही डॉक्टरांना न विचारता! गोळी बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते, पुढच्या तारखा सरकतात, आणि पुन्हा आपणच म्हणतो की मुलीची पाळी अनियमित. गौरीच्या दिवशी पाळी आली तर येऊ द्यावी. गौर काही रुसत नाही.

मात्र तीन महिने पाळी न येणे, २१ दिवसांच्या आत पुन्हा येणे, सात दिवसांहून जास्त चालणे, तासा-दोन तासाला पॅड भिजणे किंवा पंधरावे पूर्ण होऊनही सुरुवात न होणे, यात डॉक्टरांकडे जायलाच हवे. थायरॉइड, पीसीओएस, क्वचित रक्त न गोठण्याचा दोष निघू शकतो. हिमोग्लोबिनही तपासावे. नुसत्या सोनोग्राफीवरून या वयात पीसीओएसचा शिक्का मारू नये, असे २०२३ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

मुलींनो, पाळी सुरू झाली आणि थांबली, त्या दोन्ही तारखा कॅलेंडरवर लिहा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.

विश्वस्तांना एक विनंती आहे. शाळेतील आरोग्य तपासणीत वजन, उंची, दात, डोळे सारे पाहिले जाते. त्याच दिवशी एक स्त्री डॉक्टर आणि दार लावता येईल अशी एक खोली मिळावी.