खो मिळण्याआधी उठू नये

गेल्या महिन्यात एका दुपारी तुळजापूर तालुक्यातील एका गावाहून एक आजी नातीला घेऊन दवाखान्यात आल्या. नात एकोणीस वर्षांची, खो-खो खेळणारी. साडेसहा महिन्यांपूर्वी सोलापुरात तिच्या उजव्या गुडघ्याच्या अस्थिबंधाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेली. आजींनी पिशवीतून एक छापील कागद काढून टेबलावर ठेवला. तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र. ‘‘साहेब, पोरगी आता पळतीय बघा. तेवढी एक सही करा, पुढल्या आठवड्यात निवड चाचणी हाय,’’ त्या म्हणाल्या.

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. या दोघींनी लिहिण्यास आनंदाने परवानगी दिली आहे.)

त्या कागदाचे मोल आपल्या जिल्ह्यात काय आहे, हे मी वेगळे सांगायला नको. जिल्हा अवर्षणप्रवण, शेती बेभरवशाची आणि शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण. धाराशिवच्या सारिका काळे हिने २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला खो-खो संघाचे नेतृत्व करून सुवर्णपदक आणले, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि तुळजापूर तालुक्याची क्रीडा अधिकारी म्हणूनही तिने काम केले. तिच्या लहानपणी घराचा भार आजी-आजोबांच्या कमाईवर होता, असे तिने स्वतःच सांगितलेले आहे. त्यामुळे आपल्याकडे एखादी आजी नातीच्या खेळासाठी दवाखान्यात येते, तेव्हा तो हौसेचा प्रश्न नसतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि गावोगावच्या मैदानांवर मुलींची गर्दी वाढली. गुडघेही त्याच प्रमाणात दुखावू लागले, हे मला दवाखान्यात बसून दिसते.

मी सही केली नाही. का केली नाही, हे आजींना सांगताना जो अर्धा तास गेला, तोच आज आपल्यापुढे मांडतो.

गुडघ्याच्या आत मध्यभागी दोन अस्थिबंध फुलीसारखे एकमेकांना ओलांडून जातात. त्यांतला पुढचा, ज्याला डॉक्टर मंडळी ‘एसीएल’ म्हणतात, नडगीला पुढे सरकू देत नाही आणि गुडघ्याची पीळ आवरून धरतो. सरळ चालताना त्याच्यावर फारसे काम पडत नाही. पाय जमिनीला रोवलेला असताना शरीर वळले, की त्याची कसोटी लागते. परदेशात बर्फावर घसरण्याचा खेळ खेळतात, त्यात पाय लांब पट्टीला जखडलेला असतो. पट्टी एकीकडे अडकते, देह दुसरीकडे जातो आणि मधल्यामध्ये गुडघा पिळवटतो. खो-खोत बर्फ नाही, पण बुटाचा तळ मॅटला चिकटतो, पळणारी मुलगी हूल देऊन उलट फिरते आणि घडायचे तेच घडते. कोणाचा धक्का लागावा लागत नाही. पुष्कळदा मैदानात आसपास कुणी नसतानाच ‘कट्’ असा आवाज येतो आणि तासाभरात गुडघा फुगतो. वळणा-उड्यांच्या खेळांत मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा दुपटीहून अधिक आढळते.

तुटलेला हा बंध बहुधा शिवून जुळत नाही. म्हणून मांडीच्या मागच्या बाजूची किंवा वाटीखालची शिरेसारखी दोरी काढून ती त्या जागी बसवतात. मराठीत तिला कलम म्हणतात, आणि तो शब्द फार नेमका आहे. आजींच्या शेतात आंब्याची चार कलमे आहेत. त्यांना मी विचारले, ‘‘कलम बांधल्यावर लगेच फांदी हलवून बघता का?’’ त्या हसल्या. शरीरात बसवलेली ही दोरी आधी निर्जीवच असते. तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात, जुने धागे विरघळतात, नवे विणले जातात. या अदलाबदलीत ती पहिल्या काही आठवड्यांनंतर उलट अशक्त होते आणि नंतर सावकाश बळकट होत जाते. गंमत अशी, की नेमके याच काळात दुखणे थांबते, सूज उतरते आणि मुलगी घरभर फिरू लागते. आपल्याला वाटते, बरे झाले. बाहेरून दिसणारा पाय आणि आतले कलम यांचे घड्याळ निराळे चालते.

नॉर्वेतील ऑस्लोमध्ये अशा रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा करून २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबवले, तितक्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटले. त्याहून महत्त्वाचा आकडा पुढे आहे. स्नायूंची ताकद आणि उडीच्या चाचण्या उत्तीर्ण होऊन मैदानात गेलेल्यांपैकी ५.६ टक्के पुन्हा जायबंदी झाले, आणि चाचण्या उत्तीर्ण न होताच गेलेल्यांपैकी ३८.२ टक्के. म्हणजे नुसते दिनदर्शिकेवरचे महिने मोजून भागत नाही. अमेरिकेची बर्फपटू लिंडसे वॉन फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑस्ट्रियात पडली, तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि नोव्हेंबरमध्ये सराव करताना तोच बंध पुन्हा अर्धवट फाटला. २०१४ चे ऑलिंपिक हुकले. जगातले उत्तमोत्तम उपचार तिच्या दाराशी होते. पुढे ती परतली आणि २०१८ मध्ये तिने ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले, हेही सांगायला हवे.

नातीने लगेच विनेश फोगाटचे नाव काढले. हल्लीच्या मुलांना सगळे ठाऊक असते. विनेशची शस्त्रक्रिया ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत झाली आणि पॅरिसमध्ये ती ऑगस्ट २०२४ मध्ये लढली. मधल्या काळातही ती मॅटवर उतरली होती, हे खरे. पण तिच्या दिमतीला रोज व्यायामतज्ज्ञ होते. आपल्या मुलीला त्याच्याकडे जायचे तर एसटीने सोलापूर गाठावे लागते. शिवाय जे परतले त्यांची नावे वर्तमानपत्रात येतात, ज्यांचा गुडघा दुसऱ्यांदा गेला त्यांची येत नाहीत. पंचविशीच्या आतले जे खेळाडू मैदानात परततात, त्यांतल्या जवळजवळ चौघांत एकाला पुन्हा हीच दुखापत होते, कधी त्याच गुडघ्याला तर कधी दुसऱ्या.

त्यांतल्या एकाला मी ओळखतो. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी एका कबड्डीपटू मुलाला मी सहाव्या महिन्यात असाच कागद सही करून दिला होता. चालत होता, बसत-उठत होता, मी दुसरे काही पाहिले नाही. तिसऱ्या सामन्यात तो पडला. आज तो दुकान चालवतो, जिना उतरताना कठड्याला धरतो आणि भेटला की अतिशय आदराने नमस्कार करतो. तो नमस्कार मला जड जातो.

आता घरच्या मंडळींनी काय पाहावे ते सांगतो, कारण शल्यविशारद महिन्यातून एकदा भेटतो, आजी रोज समोर असते.

पहिल्या काही आठवड्यांत माया आडवी येते. गुडघ्याखाली मऊ उशी दिली की मुलीला बरे वाटते, म्हणून आपण ती देतो. ती काढून टाका. गुडघा वाकलेल्या स्थितीत राहिला तर पूर्ण सरळ होण्याची सवय मोडते, आणि सरळ न होणारा गुडघा पुढे आयुष्यभर लंगडवतो. उशी द्यायचीच तर टाचेखाली द्या, गुडघा अधांतरी राहून आपोआप सरळ होईल. तेल लावून रगडणे, हळदीचा गरम लेप, कुणा जाणत्याकडून पाय ओढून घेणे, यांपैकी काहीही नको. पोटरी दुखून ताठ झाली, सुजली, किंवा दम लागला, तर रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा चोळू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. ताप आला किंवा टाक्यांतून पाणी वाहू लागले तरी तसेच. उकिडवे बसणे सुरुवातीला बंद असते, तेव्हा शौचासाठी खुर्चीची सोय शस्त्रक्रियेच्या आधीच करून ठेवावी. पुष्कळ घरांत हे घरी आल्यावर सुचते.

पुढचे महिने कंटाळ्याचे. मांडीचा पुढचा स्नायू शस्त्रक्रियेनंतर झपाट्याने वाळतो आणि हट्टीपणाने उशिरा भरतो. शिंप्याची टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून साधारण एक वीत वर, दोन्ही मांड्यांचा घेर महिन्यातून एकदा मोजून वहीत लिहा. माझ्यासमोर बसलेल्या मुलीची उजवी मांडी डावीपेक्षा तीन सेंटिमीटरने बारीक होती आणि तिला ते ठाऊकच नव्हते. मग मी तिला दवाखान्याच्या पायरीवर उभे केले आणि एका पायावर सावकाश खाली उतरायला सांगितले. डावा गुडघा सरळ राहिला. उजवा आतल्या बाजूला कलला, थरथरला. आजींनी ते पाहिले. माझ्या आकड्यांपेक्षा त्या पायरीनेच त्यांना अधिक पटवले.

सरळ रेषेत हलके धावणे साधारण तीन-चार महिन्यांनी, तेही सूज नसेल आणि तज्ज्ञाने सांगितले असेल तर. वळणे, उड्या, अचानक थांबणे त्यानंतर. खो-खोत आणखी एक गोष्ट आहे, जी फुटबॉलसाठी छापलेल्या तक्त्यांत सापडत नाही. आठ मुली चौकटीत आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून गुडघे दुमडून बसतात आणि पाठीमागून खो मिळताच क्षणात उसळतात. मांडीमागची दोरी काढून कलम केले असेल, तर पूर्ण दुमडलेल्या गुडघ्याचे बळ हे सर्वांत उशिरा परत येते. म्हणून अशा मुलीने आधी पळतीचा सराव हळू वेगात करावा, चौकटीतून उठण्याचा नंतर, खांबावर झेप घेणे अगदी शेवटी. प्रशिक्षकांना हे समजावून सांगावे लागते. बहुतेक जण ऐकतात.

नऊ महिन्यांनंतरही सही मिळेल ती दोन्ही पाय तोलून. दुखऱ्या पायाची ताकद आणि एका पायावरच्या उडीचे अंतर दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के हवे. उडीची चाचणी घरी करून पाहू नका, ती तज्ज्ञासमोरच. त्यांची परवानगी असेल तर घरी एवढे करता येईल: भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून एका पायावर किती वेळा उठता येते, ते दोन्ही पायांचे मोजावे. आणि मुलीला एकांतात विचारावे, भीती वाटते का? ‘नाही’ हे उत्तर फार लवकर आले तर मला काळजी वाटते.

उलट टोकाची चूकही मी पाहतो. ‘‘झाले खेळून, आता स्थळे बघू,’’ असे म्हणून घर मोकळे होते, आणि व्यायामही त्याच दिवशी थांबतो. गुडघ्याचा बंध एकदा तुटला की पुढे दहा-पंधरा वर्षांनी सांधा झिजण्याची शक्यता वाढते, शस्त्रक्रिया झालेली असली तरी. त्या गुडघ्याला बळकट मांडीची गरज खेळाडू म्हणून जितकी, तितकीच पन्नाशीत तुळजाभवानीच्या पायऱ्या उतरताना असते. ज्येष्ठ वाचकांपैकी कुणाचा हा बंध पडून तुटला असेल तर धीर सोडू नये. वळणावळणाचे खेळ खेळायचे नसतील तर पुष्कळांना शस्त्रक्रियेविना, नुसत्या नियमित व्यायामाने उत्तम चालता येते. आपल्या गुडघ्याला काय लागेल, ते अस्थिरोगतज्ज्ञाला विचारून ठरवावे.

तर ती निवड चाचणी चुकली. मुलगी दवाखान्यातून बाहेर पडली तेव्हा माझ्याकडे पाहतही नव्हती. आजी मात्र दारातून परत वळल्या आणि म्हणाल्या, ‘‘साहेब, खो मिळायच्या आत उठलं की पंच शिट्टी मारतो, न्हवं?’’ इतकी वर्षे नातीचे सामने पाहून त्या सगळे नियम शिकल्या आहेत.

मागच्या सोमवारी त्यांनी शेजारच्या मुलाकरवी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. आकडे त्यांच्याच हातचे, थोडे वाकडे. उजव्या आणि डाव्या मांडीतला फरक आता दोन सेंटिमीटर. पायरीचा व्यायाम सकाळ-संध्याकाळ चालू आहे. पुढची तपासणी नवव्या महिन्यानंतर, आणि तो कोरा कागद माझ्या खणात ठेवलेला आहे.